रॉकीजची कोच टूर: बुकिंगच्या आधी आणि बसमध्ये बसल्यावर

कॅनडाच्या रॉकीज पर्वतरांगांमध्ये मी मराठी ग्रुप घेऊन जाते. टूर मॅनेजरचं निम्मं काम डोकी मोजण्याचं आणि उरलेलं निम्मं घड्याळ बघण्याचं. घड्याळाकडे बघूनच सांगते, या टूरचं यश मिनिटांवर असतं. बॅन्फ, योहो, जॅस्पर ही तीन राष्ट्रीय उद्यानं आठवड्याभरात बसने बघायची, म्हणजे जगातल्या सुंदर जागांपुढे कुठे वीस मिनिटं, कुठे चाळीस, कुठे दोन तास मिळणार. ती मिनिटं बुकिंग करतानाच वाचवायची असतात आणि तिथे उतरल्यावर नीट खर्चायची असतात. हा सगळा लेख त्याचाच आहे.

कार्यक्रमाचा कागद वाचताना

ब्रोशरमधली क्रियापदं बघा. ‘भेट देऊ’ म्हणजे उतरणार. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, त्यात वॉशरूमची रांगही आली. ‘पाहत पुढे जाऊ’ म्हणजे बस थांबणारच नाही. ‘वेळ मिळाल्यास’ असं लिहिलं असेल तर ते ठिकाण मनातल्या यादीतून खोडून टाका, दिसलं तर बोनस. आणि ‘ऐच्छिक’ म्हणजे वेगळे पैसे. हा शब्द कुठे कुठे आहे त्याखाली पेन्सिलने रेघ मारा, कारण स्वस्त टूर बहुतेक वेळा तिथेच स्वस्त झालेली असते. बॅन्फचा गोंडोला (डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा), हिमनदीवरची बस, मलीन लेकची बोट, या तीन गोष्टी आत आहेत की बाहेर एवढं विचारलं तरी दोन टूरच्या किमतींतला फरक बराचसा उलगडतो.

मग रात्री बघा. मुक्काम बॅन्फ गावात आहे, कॅनमोरमध्ये आहे की कॅल्गरी शहरात? कॅनमोर बॅन्फपासून वीस-पंचवीस मिनिटांवर, त्यामुळे काही बिघडत नाही. कॅल्गरी मात्र सुमारे १३० किलोमीटर लांब. तिथे राहून रोज डोंगरात जाणं-येणं म्हणजे दिवसाचे तीन तास महामार्गाला देऊन टाकणं. जॅस्परचंही तसंच. काही टूर मुक्काम हिंटनला ठेवतात, ते उद्यानाच्या बाहेर, जॅस्परपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे. यात फसवणूक आहे असं नाही. जुलै २०२४ च्या वणव्यात जॅस्पर गावातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या, त्यामुळे खोल्यांची ओढाताण समजण्यासारखी आहे. पण कुठे झोपणार हे पैसे भरण्याआधी कळायला हवं, विमानातून उतरल्यावर नाही.

एका गावात सलग दोन रात्री असतील तर त्या टूरला माझ्याकडून आपोआप जास्त गुण. रोज सकाळी बॅग भरून दाराबाहेर ठेवण्याचा कंटाळा तिसऱ्या दिवशी कळतो. शिवाय दोन रात्री असल्या की एक संध्याकाळ तुमची स्वतःची उरते. जूनच्या शेवटी जॅस्परला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवण होऊन तुम्ही बाहेर पडलात तरी लख्ख उजेड असतो. तो वेळ कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नसतो.

मे महिना नको

हे वेगळं सांगते, कारण आपली सुट्टी मेमध्ये असते आणि विचारणारे सगळे मेच विचारतात. लेक लुईज साधारण १७०० मीटर उंचीवर आहे आणि त्यावरचा बर्फ बहुधा जूनच्या सुरुवातीपर्यंत पुरता वितळत नाही. मेच्या मध्यावर गेलात तर ब्रोशरवरच्या त्या निळ्या-हिरव्या पाण्याच्या जागी पांढरं मैदान दिसेल. तेही सुंदर असतं, पण तुम्ही त्यासाठी पैसे भरलेले नसतात. मोरेन लेकचा रस्ता तर हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे हिवाळाभर बंद असतो आणि जूनच्या सुमारास उघडतो, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुन्हा बंद.

पाण्याला तो रंग येतो हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे. बर्फ वितळायला लागला की हे पीठ वाहत तळ्यात येतं, पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावरून प्रकाश विखुरतो. म्हणजे रंग चढायला आधी ऊन हवं. जुलै-ऑगस्टमध्ये तो सर्वांत गडद असतो, गर्दीही तेव्हाच. ऑगस्टमध्ये कधी कधी वणव्यांचा धूर दरीत साठतो आणि समोरचा डोंगर दिसत नाही, त्यावर कुणाचाही इलाज चालत नाही. मला विचाराल तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात लार्चची झाडं सोनेरी होतात. सूचिपर्णी असूनही पानं गाळणारं हे झाड, त्याचे ते दहा-पंधरा दिवस बघायला लोक मुद्दाम येतात.

शाळेतली मुलं बरोबर असतील तर मेचा मोह सोडणं अवघड आहे, मला मान्य आहे. तरीही मेमध्ये दुसरा देश बघा.

कागदपत्रं, थोडक्यात

कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. फी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. वेळ कधी किती लागेल याचा नेम नसतो, म्हणून विमानाचं परत न मिळणारं तिकीट व्हिसाच्या आधी काढू नका. जाताना अमेरिकेत विमान बदलणार असाल तर अमेरिकेचाही व्हिसा हवा, मग विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं तरी. स्वस्त तिकिटाच्या नादात हे लोकांच्या लक्षात येत नाही. प्रवासी विमा वैद्यकीय खर्चासकट घ्या आणि आधीच्या आजारांबद्दल खरं लिहा.

उद्यानात शिरण्याचा पास लागतो, तो बहुतेक कोच टूरच्या किमतीतच असतो. एकदा विचारून घ्या आणि विसरून जा.

बॅग

कोचच्या पोटात माणशी एक सूटकेस, साधारण २३ किलोंपर्यंत. जागेपेक्षा प्रश्न ड्रायव्हरच्या पाठीचा असतो, कारण त्या चाळीस बॅगा तोच चढवतो आणि उतरवतो. वर तुमच्यापाशी राहणारी पाठपिशवी ही खरी बॅग. सूटकेस सकाळी गेली की रात्रीच भेटते. त्यामुळे औषधं, पासपोर्ट, चार्जर, स्वेटर, वाऱ्या-पावसाचं जाकीट, टोपी, हातमोजे हे सगळं पाठपिशवीत. हो, हातमोजे, जुलैमध्येसुद्धा. दुपारी बॅन्फच्या रस्त्यावर लोक अर्ध्या चड्डीत आईस्क्रीम खात असतात आणि त्याच दिवशी अथाबास्का हिमनदीवर बर्फावरून घसरत येणारं वारं कानाला झोंबतं. रॉकीजमध्ये बर्फ कुठल्याही महिन्यात पडू शकतो. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, बसमध्ये काढता येतात.

बूट घट्ट पकडीचे आणि वापरलेले. नवे कोरे बूट घालून आलेल्या काकांना दुसऱ्या दिवशी मी बँडएड देत असते.

चहाचं सांगते. आपल्याकडची पाणी उकळायची कॉइल किंवा छोटी किटली तिकडे नेऊ नका. कॅनडात वीज १२० व्होल्टची. आपलं २३० व्होल्टचं उपकरण तिथे लावलं तर पिन बदलणाऱ्या ॲडॅप्टरने ते चालू होतं, पण ताकद जेमतेम चौथाई मिळते. पाणी कोमट होईपर्यंत बस सुटते. खोलीत कॉफी मेकर असतो, त्यात कॉफी न घालता नुसतं पाणी फिरवा, चहाच्या पिशवीला पुरेसं गरम होतं. मोबाइल आणि कॅमेऱ्याचे चार्जर दोन्ही व्होल्टेजना चालतात, त्यांना फक्त चपट्या पिनचा ॲडॅप्टर हवा. आणि खोलीत उदबत्ती नको. स्मोक अलार्म वाजला की अख्खं हॉटेल रात्रीच्या कपड्यांत पार्किंगमध्ये उभं राहतं.

खाऊ न्या, पण विमानतळावरच्या प्रश्नांत ‘खाद्यपदार्थ आहेत’ असंच सांगा. चिवडा, चकली, खाकरे सहसा अडत नाहीत. मांस, ताजी फळं, दुधाचे पदार्थ यांवर बंधनं आहेत, ती निघण्याआधी बघून घ्या. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड.

सहा-सात-आठ

कोच टूरचा दिवस तीन आकड्यांत सांगतात. सहा-सात-आठ म्हणजे सहाला बॅग दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस हलणार. आठला हलणार म्हणजे आठला उठून खाली यायचं नाही, हे पहिल्या रात्री सांगावं लागतं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा. घाईचं कारण साधं आहे. ड्रायव्हरने दिवसात किती तास गाडी चालवायची आणि मध्ये किती विश्रांती घ्यायची हे कायद्याने ठरलेलं आहे आणि त्याची नोंद राहते. सकाळी गेलेला अर्धा तास संध्याकाळी भरून निघत नाही. तो कुठल्या तरी तळ्याच्या काठावरून कापला जातो.

बसायच्या जागा रोज बदलतात. बहुतेक टूरमध्ये दोन ओळी पुढे किंवा मागे सरकायचं असतं. यावर वाद घालू नका. गाडी लागत असेल तर पहिल्याच दिवशी टूर मॅनेजरला बाजूला घेऊन सांगा, चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर नाही.

डावी बाजू की उजवी? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि इथे त्याला खरंच उत्तर आहे. लेक लुईजहून उत्तरेला जॅस्परकडे जाताना डाव्या खिडक्यांची चैन असते. क्रोफुट हिमनदी, बो लेक, पुढे अथाबास्का हिमनदी हे सगळं डावीकडे. उजवीकडे सिरस डोंगराचा तो पाणी झिरपणारा कडा आहे, वीपिंग वॉल. जॅस्परहून खाली येत असाल तर अर्थात उलटं. त्या दिवशी तुमचा नंबर उजवीकडे आला तर निराश होऊ नका, डावीकडच्या बहुतेक मोठ्या जागी बस थांबतेच.

काचेतून फोटो काढताना मोबाइल काचेला अगदी टेकवा. लांब धरला की तुमच्याच शर्टाचं प्रतिबिंब येतं, पांढरा शर्ट असेल तर नक्कीच. एरवी फोटो सोडून द्या. ताशी ९० किलोमीटरने जाताना काढलेला पाइन झाडांचा हिरवा पट्टा घरी कुणी बघत नाही.

थांबल्यावर

आता मिनिटांचा भाग. बस थांबली की पहिल्या दोन मिनिटांत सगळा ग्रुप कठड्याच्या एकाच बिंदूवर जमतो. तुम्ही आधी चालायला लागा. फोटो परतताना काढा, तोवर तिथली गर्दी पांगलेली असते.

लेक लुईजला हे सर्वांत चांगलं जमतं. बसच्या पार्किंगपासून पाण्यापर्यंत चार-पाच मिनिटं. समोर व्हिक्टोरिया हिमनदी, मागे ते अवाढव्य हॉटेल आणि मधल्या पट्ट्यात शेकडो माणसं. तिथे थांबू नका. तळ्याच्या उजव्या काठाने सपाट वाट जाते, टोकापर्यंत साधारण दोन किलोमीटर. दहा मिनिटं चाललात तरी आवाज मागे राहतात आणि पाण्याचा रंग बदलताना दिसतो. एक तास मिळाला असेल तर पंचवीस मिनिटं जा, पंचवीस मिनिटं या, दहा हातची ठेवा. वर लेक ॲग्नेसचं टी हाउस आहे, त्याबद्दल सगळ्यांनी वाचलेलं असतं. एका बाजूला साडेतीन किलोमीटर आणि जवळपास चारशे मीटर चढ. कोच टूरमध्ये ते बसत नाही. प्रयत्नही करू नका, तुम्हाला शोधायला कोणी वर येणार नाही.

मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाड्या सोडत नाहीत. पार्क्स कॅनडाची (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची) शटल बस किंवा परवानाधारक बस, एवढंच. कोच टूरचा हा मोठाच फायदा, स्वतः गाडी घेऊन फिरणाऱ्यांना शटलच्या आरक्षणासाठी झगडावं लागतं. पण म्हणूनच कार्यक्रमात ‘मोरेन लेक’ हे नाव स्पष्ट छापलेलं आहे ना, हे बघा. ‘लेक लुईज परिसर’ या शब्दांत ते येत नाही. तिथे उतरल्यावर रॉकपाइल नावाचा दगडांचा ढिगारा चढायचा. पायऱ्यांची वाट आहे, दमायला होतं पण दहा-पंधरा मिनिटांत वर पोचता. कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर मागच्या बाजूला हेच दृश्य होतं. गुडघे दुखत असतील तर काठाची सपाट वाट आहे, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून ‘मी येऊ का नको’ यात वेळ घालवू नका.

योहोमध्ये एमराल्ड लेक आणि नॅचरल ब्रिज बहुतेक टूर दाखवतात. जाता जाता स्पायरल टनेल्सचा थांबा असेल तर जरा रेंगाळा. किकिंग हॉर्स खिंडीचा उतार रेल्वेला झेपेना, म्हणून १९०९ मध्ये डोंगराच्या पोटात वळसे घेणारे बोगदे काढले. लांबलचक मालगाडी आली तर इंजिन एका तोंडातून बाहेर पडतं आणि शेपटी अजून दुसऱ्या तोंडातून आत शिरत असते. गाडीचं वेळापत्रक आपल्याला कोणी सांगत नाही, नशिबाचा भाग.

आइसफील्ड्स पार्कवेचा दिवस

लेक लुईज ते जॅस्पर, सुमारे २३० किलोमीटर. न थांबता तीन तासांत होईल असा रस्ता, पण टूरमध्ये सगळा दिवस घेतो आणि घ्यायलाच हवा. त्या दिवसाची तयारी वेगळी. मोबाइलला जवळपास संपूर्ण रस्ताभर सिग्नल नसतो, घरी आदल्या रात्री सांगून ठेवा. आपलं घड्याळ उन्हाळ्यात अल्बर्टाच्या, म्हणजे बॅन्फ-जॅस्परच्या प्रांताच्या, साडेअकरा तास पुढे असतं, हेही त्यांना सांगा, नाहीतर तुम्हाला पहाटे तीनला फोन येतो. पेट्रोल, दुकान, जेवण असं काही मध्ये मिळतं ते सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगला आणि मग हिमनदीच्या केंद्रावर. दुपारचं खाणं बरोबर घेतलेलं बरं.

आणि वॉशरूम. ब्रोशरमध्ये हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. या रस्त्यावरच्या बऱ्याच थांब्यांवर कोरडे संडास आहेत. लाकडी किंवा सिमेंटची खोली, आत सीट, खाली खोल खड्डा. पाण्याचा नळ नाही, फ्लश नाही, हात धुवायला बेसिन नाही. टिश्यू, सॅनिटायझर आणि पाण्याची छोटी बाटली पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, शोधत बसायला वेळ नसतो. बसमधलं टॉयलेट अडीअडचणीपुरतं आहे, वळणांवर तिथे जाण्याचं धाडस नकोच. म्हणून पाणी प्यायचं बंद करणाऱ्या काकू मला दर ग्रुपमध्ये भेटतात. तसं करू नका. कोरड्या हवेत संध्याकाळी डोकं धरतं आणि पाय सुजतात. थोडं थोडं पीत राहा आणि प्रत्येक थांब्यावर, गरज असो वा नसो, जाऊन या.

पेटो लेकला मोठ्या बस वरच्या पार्किंगपर्यंत जातात, त्यामुळे चढ वाचतो. रस्त्याची ही सर्वांत उंच जागा, दोन हजार मीटरच्या थोडी वर. कठड्याजवळ पोचलात की खाली लांडग्याच्या तोंडासारखं पसरलेलं तळं दिसतं.

मग कोलंबिया आइसफील्ड. या बर्फाच्या पठारावरून वितळलेलं पाणी पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसनच्या उपसागरातून अटलांटिक अशा तीन महासागरांकडे जातं. तुम्हाला दिसते ती त्याची एक जीभ, अथाबास्का हिमनदी. तिच्यावर जायला आइस एक्सप्लोरर नावाची सहा अगडबंब चाकांची बस असते. पायऱ्या चढून आत बसायचं, मग ती कडेच्या दगडमातीच्या बांधावरून इतका तीव्र उतार उतरते की पुढच्या सीटवरचे लोक दांडी पकडतात. खाली एका पाण्याच्या डबक्यातून मुद्दाम जाते. टायरांना चिकटलेली माती धुऊन निघावी म्हणून, कारण काळी माती बर्फावर पडली की ऊन शोषून घेते आणि बर्फ जास्त वितळतो. बर्फावर साधारण वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. पहिली पाच मिनिटं सगळे नाचतात, व्हिडिओ काढतात. तुम्ही खाली बघा. पायाखालच्या बर्फात पाण्याचे बारीक निळे ओहोळ वाहत असतात, त्यांचा आवाज ऐकू येतो. आखून दिलेल्या हद्दीच्या बाहेर पाऊल टाकू नका. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात आणि त्यांत माणसं गेलेली आहेत.

ही हिमनदी गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागे सरकली आहे. पायथ्याकडच्या वाटेवर सालांच्या पाट्या रोवलेल्या आहेत, अमुक साली बर्फाचं टोक इथवर होतं. तिकिटाला जोडून बहुधा स्कायवॉकही असतो, दरीच्या २८० मीटर वर काचेची जमीन. उंचीची भीती असेल तर निवांत बसून कॉफी प्या. खरं सांगायचं तर मला त्यापेक्षा त्या पाट्या जास्त भिडतात.

पुढे अथाबास्का धबधबा. उंची फक्त २३ मीटर, पण सगळी नदी एका चिरेत कोंबलेली. तुषारांनी कठड्याजवळचा खडक बुळबुळीत असतो. सेल्फीसाठी कठडा ओलांडणाऱ्यांचे इथे जीव गेले आहेत. माझ्या ग्रुपमध्ये या एका गोष्टीवर मी गोड बोलत नाही.

जॅस्पर जवळ आलं की वणव्यात जळलेल्या काळ्या खोडांचं जंगल सुरू होतं. लोक गप्प होतात किंवा हळहळतात. त्यांना मी लॉजपोल पाइनचं सांगते. त्याची बरीचशी शंकूफळं राळेने बंद असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडून बिया सांडतात. त्या खोडांच्या तळाशी गुलाबी फुलांचे तुरे दिसले तर ती फायरवीड, जळलेल्या जमिनीवर सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी.

अस्वल दिसलं तर

बस थांबवायची की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. महामार्गावर जागा नसेल तर तो थांबणार नाही, ओरडून उपयोग नाही. थांबला तर कोणीही खाली उतरायचं नाही. एका बाजूला सगळे धावत आले की मागच्यांना काहीच दिसत नाही, म्हणून मी आधीच सांगून ठेवते: खिडकीजवळचे बसून राहतील, बाकीचे त्यांच्या डोक्यावरून बघतील. पायी असताना अस्वल, लांडगा, कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून निदान १०० मीटर आणि एल्क (मोठ्या जातीचं हरीण), साधं हरीण, रानमेंढ्या यांच्यापासून ३० मीटर अंतर हा पार्क्स कॅनडाचा नियम आहे. एल्क गरीब दिसतो, पण सप्टेंबरात माजावर आलेला नर किंवा जूनमध्ये पिल्लू बरोबर असलेली मादी अंगावर येते. जॅस्परमध्ये ते गावातल्या हिरवळीवर, हॉटेलच्या दारातही चरत असतात, म्हणून सकाळी बाहेर पडताना आधी बघा.

कुठल्याच प्राण्याला काही खायला घालायचं नाही, खारीलासुद्धा नाही. दंड २५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. फुलं, शिंगं, दगड यांपैकी काहीही उचलून आणायचं नाही. नदीकाठचा एक गुळगुळीत गोटा आठवण म्हणून पिशवीत टाकायची आपली सवय इथे बेकायदा आहे. ड्रोनलाही बंदी.

बॅन्फजवळ महामार्गावर झाडं लावलेले पूल दिसतील. ते माणसांसाठी नाहीत. दोन्ही बाजूंना कुंपण घालून प्राण्यांना त्या पुलांवरून आणि खालच्या भुयारांतून रस्ता ओलांडायला लावलं आहे.

जेवण, पैसे, शेवटचा दिवस

शाकाहारी असाल, कांदा-लसूण नको असेल, तर बुकिंगच्या वेळीच लेखी द्या, टेबलावर बसल्यावर नाही. बॅन्फ आणि जॅस्पर दोन्हीकडे भारतीय जेवण मिळतं. पूटीन हा बटाट्याच्या काड्यांचा पदार्थ शाकाहारी वाटतो, पण त्यावरची ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रश्श्याची असते, विचारल्याशिवाय घेऊ नका. बीव्हरटेल बिनधास्त घ्या, तळलेली गोड लांबट पोळीच ती. नळाचं पाणी पिण्याचं असतं, विकतच्या बाटल्यांवर पैसे घालू नका.

पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. अल्बर्टात बिलावर ५ टक्के चढतात, ब्रिटिश कोलंबियात (योहो या प्रांतात येतं) बहुतेक वस्तूंवर १२. एक सेंटचं नाणं २०१३ पासून चलनात येत नाही, रोख बिल पाच सेंटच्या पटीत होतं, सुटे कमी दिले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. एक आणि दोन डॉलरची नाणी साठवून ठेवा, उपयोगी पडतात. ड्रायव्हर आणि गाइडची टिप कंपनीच्या कागदावर माणशी दररोज अशी सुचवलेली असते. ती किमतीत धरली आहे की हातात द्यायची, हे आधीच विचारा. शेवटच्या सकाळी बसच्या दारात पाकिटं चाचपडणारी रांग लागते, त्यापेक्षा आदल्या रात्री लिफाफा तयार ठेवा.

मेपल सिरप घ्यायचं असेल तर बॅन्फच्या मुख्य रस्त्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात घेऊ नका. साध्या किराणा दुकानात बहुतेक वेळा स्वस्त पडतं. बाटली चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही आणि कॅल्गरी विमानतळावर काढून घेतलेली बाटली परत मिळत नाही.